दोनशे विजयांचा पराभूत

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आज एका हरलेल्या माणसाची गोष्ट सांगणार आहे. हरलेला म्हणतो खरा, पण हा माणूस दोनशे वेळा जिंकला होता.

१२ फेब्रुवारी २००७. सोमवार होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन डिएगो शहरात चार्जर्स नावाच्या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या अध्यक्षाने आपल्या प्रशिक्षकाला नारळ दिला. प्रशिक्षकाला काढून टाकणे ही तशी नेहमीची बाब. संघ हरू लागला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. पण हा संघ हरत नव्हता. नुकत्याच संपलेल्या हंगामात त्याने १६ पैकी १४ सामने जिंकले होते. लीगमधल्या ३२ संघांपैकी एवढे सामने त्या वर्षी दुसऱ्या कोणीही जिंकले नव्हते. संघातला लाडेनियन टॉमलिन्सन हा खेळाडू वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. तरीही प्रशिक्षक गेले. त्यांचे नाव मार्टी शॉटनहायमर, वय ६३.

मला या खेळाचा गंध नव्हता. माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहतो. त्याच्याकडे गेलो असताना तो म्हणाला, ‘‘मामू, इथल्या जुन्या माणसांसमोर ‘द ड्राइव्ह’ एवढेच शब्द उच्चारा आणि त्यांचा चेहरा बघा.’’ मी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांसमोर ते शब्द उच्चारले. गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला आणि वीस वर्षांपूर्वी घरात मयत झाली असावी तशा आवाजात बोलू लागले. तिथून मी या शॉटनहायमरांच्या मागे लागलो.

आधी खेळाविषयी थोडे सांगतो. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपण पायाने खेळतो तो नव्हे. चेंडू लांबुळका, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड कवच आणि समोरासमोर अकरा-अकरा धिप्पाड माणसे. चेंडू घेऊन धावायचे किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकायचे, आणि शंभर यार्डांचे मैदान तुकड्यातुकड्याने काबीज करत न्यायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही सरकलात तर चेंडू समोरच्याचा. चेंडूसह टोकाची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. तिथवर पोचता येत नसेल तर दुरूनच दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने उडवायचा, तो फील्ड गोल, त्याचे तीन गुण. हे तीन गुण नीट ध्यानात ठेवा. आजच्या गोष्टीत ते पुनःपुन्हा येणार आहेत.

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये त्या काळी प्रत्येक संघ हंगामात १६ सामने खेळत असे. २०२१ पासून ते १७ झाले. त्यातून चांगले संघ निवडून बाद फेरी होते. क्रिकेटमुळे आपल्याला साखळी आणि बाद फेरी हे शब्द सवयीचे आहेत. साखळीत आज हरलात तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येते. बाद फेरीत एक सामना हरलात की बोचकी बांधायची. शेवटी उरलेल्या दोघांचा सामना म्हणजे सुपर बोल. त्या दिवशी अमेरिकेत रस्ते ओस पडतात.

शॉटनहायमर यांनी २१ हंगाम मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले. साखळीत २०० विजय, १२६ पराभव, एक बरोबरी. पूर्ण वेळ सांभाळलेल्या २० हंगामांपैकी फक्त दोन हंगामांत त्यांच्या संघाचे पराभव विजयांहून जास्त झाले. आता दुसरा रकाना पाहा. बाद फेरीत पाच विजय, तेरा पराभव. सुपर बोलमध्ये एकदाही प्रवेश नाही.

हे दोन रकाने एकाच माणसाचे आहेत, हे पटायला जरा वेळ लागतो.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १९४३ चा, पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग गावचा. पिट्सबर्गजवळचा हा भाग कोळशाचा आणि पोलादाचा. पिट्सबर्ग विद्यापीठातून ते व्यावसायिक खेळात आले ते बचाव फळीतला खेळाडू म्हणून. १९६५ मध्ये पहिल्याच वर्षी त्यांच्या बफलो संघाने अमेरिकन फुटबॉल लीगचे अजिंक्यपद मिळवले. तेव्हा ही लीग वेगळी होती आणि सुपर बोल सुरू व्हायचा होता. बावीस वर्षांच्या पोराला वाटले असेल, हे असेच चालते. पहिल्या घासालाच गोड लागले. पुढे खेळणे संपले, सहायक प्रशिक्षकाची नोकरी आली, न्यू यॉर्क, डेट्रॉइट असे फिरत ते क्लीव्हलँडला पोचले. १९८४ चा हंगाम अर्धा झाला होता, क्लीव्हलँड ब्राउन्स आठांपैकी सात सामने हरले होते. मालकांनी मुख्य प्रशिक्षकाला काढले आणि शॉटनहायमर यांच्या हाती संघ दिला. उरलेल्या आठांपैकी त्यांनी चार जिंकले.

क्लीव्हलँड हे ओहायोतले कारखान्यांचे शहर. ऐंशीच्या दशकात तिथल्या कारखानदारीला ओहोटी लागलेली. गिरणगावातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. भोंगे बंद होत जातात तसतशी रविवारच्या खेळाची किंमत वाढत जाते. ब्राउन्सने शेवटचे अजिंक्यपद १९६४ मध्ये जिंकले होते. शॉटनहायमर यांनी पुढची चारही वर्षे संघाला बाद फेरीत नेले. १९८५, ८६, ८७ आणि ८८.

११ जानेवारी १९८७. सुपर बोलच्या आधीचा, म्हणजे आपल्या भाषेत उपांत्य सामना. स्वतःच्या मैदानावर क्लीव्हलँड २०-१३ ने पुढे. सामना संपायला साडेपाच मिनिटे उरलेली. चेंडू डेन्व्हर ब्राँकोजकडे, तोही त्यांच्या स्वतःच्या रेषेपासून अवघ्या दोन यार्डांवर. समोर ९८ यार्डांचे मैदान, बोचरा वारा आणि बेभान प्रेक्षक. डेन्व्हरचा जॉन एल्वे पंधरा प्रयत्नांत ते अठ्ठ्याण्णव यार्ड चालून आला. ३७ सेकंद बाकी असताना बरोबरी झाली. जादा वेळेत डेन्व्हरने एक फील्ड गोल मारला. २३-२०. तीन गुण. हीच ती ‘द ड्राइव्ह’, जिच्यासाठी त्या गृहस्थांनी चहा बाजूला ठेवला.

पुढच्याच वर्षी, १७ जानेवारी १९८८ ला, पुन्हा तोच सामना, तोच डेन्व्हर, या वेळी त्यांच्या मैदानावर. मध्यंतराला क्लीव्हलँड ३-२१ असे मागे. तिथून त्यांनी ३१-३१ अशी बरोबरी केली. त्यात मोठा वाटा अर्नेस्ट बायनर या खेळाडूचा. डेन्व्हरने पुन्हा आघाडी घेतली. शेवटचे मिनिट उरले असताना बायनर चेंडू घेऊन रेषेकडे झेपावला. दोन-तीन यार्ड राहिले होते. डेन्व्हरच्या एका खेळाडूने त्याच्या हातातला चेंडू हिसकून पाडला. सामना ३८-३३ असा गेला. क्लीव्हलँडमध्ये याला ‘द फंबल’ म्हणतात. एका शहराने आपल्या दोन जखमांना दोन नावे दिली आहेत.

मला इथे शॉटनहायमर यांचे वागणे महत्त्वाचे वाटते. सगळे शहर बायनरच्या नावाने बोटे मोडत होते. प्रशिक्षक मात्र ठामपणे त्याच्या बाजूने उभे राहिले. बायनर नसता तर आपण त्या क्षणापर्यंत पोचलोच नसतो, असे ते सांगत राहिले. साधी गोष्ट आहे, पण हरल्यावर सांगायला कठीण. हाच बायनर पुढे वॉशिंग्टनकडून खेळला आणि जानेवारी १९९२ मध्ये सुपर बोल जिंकला. त्या अंतिम सामन्यात त्याने टचडाउनही केला.

१९८८ च्या अखेरीस क्लीव्हलँड बाद फेरीत पुन्हा हरले, २४-२३, एका गुणाने. त्या वर्षी आक्रमणाची सूत्रे शॉटनहायमर यांनी स्वतःकडेच ठेवली होती. मालक आर्ट मोडेल यांना त्या जागी वेगळा माणूस हवा होता. शॉटनहायमर ऐकेनात. दोघांनी परस्परसंमतीने फारकत घेतली. माणूस तत्त्वाचा म्हणा किंवा हेकेखोर म्हणा. दोन्ही शब्द त्यांना लागू पडतात, आणि हा स्वभाव पुढेही आडवा आला.

मग कॅन्सस सिटी. तिथला चीफ्स हा संघ आधीच्या १७ हंगामांत फक्त एकदा बाद फेरीला पोचला होता. शॉटनहायमर १९८९ ते १९९८ अशी दहा वर्षे तिथे राहिले आणि सात वेळा संघाला बाद फेरीत नेले. ओस पडू लागलेले मैदान पुन्हा भरू लागले. जानेवारी १९९४ मध्ये, कारकिर्दीच्या उतारावर आलेल्या जो मोंटानाला हाताशी धरून, संघ सुपर बोलच्या एक पाऊल अलीकडे पोचला आणि बफलोकडून ३०-१३ असा हरला. त्या आधीच्या आठवड्यात ह्यूस्टनवर मिळवलेला विजय हा लीगच्या बाद फेरीतला शॉटनहायमर यांचा शेवटचा विजय ठरला. हे त्या वेळी कोणाला माहीत असणार?

१९९५ च्या हंगामात चीफ्सने १६ पैकी १३ सामने जिंकले. ७ जानेवारी १९९६ ला, कडाक्याच्या थंडीत, इंडियानापोलिसविरुद्ध घरच्या मैदानावर सामना होता. लिन एलियट हा लाथेने चेंडू उडवणारा खेळाडू तीनदा पुढे आला. ३५ यार्डांवरून, ३९ यार्डांवरून आणि ४२ यार्डांवरून. तिन्ही चुकले. निकाल १०-७. पुन्हा तीन गुण.

१९९७ मध्ये पुन्हा १३ विजय. पुन्हा बाद फेरीचा पहिलाच सामना घरच्या मैदानावर, समोर पुन्हा एल्वेचा डेन्व्हर. १४-१० असा पराभव. डेन्व्हर तिथून पुढे जाऊन सुपर बोल जिंकला. पुढच्या वर्षी चीफ्सची घडी विस्कटली, सात विजय आणि नऊ पराभव. शॉटनहायमर यांच्या आयुष्यातला हा पहिला तोट्याचा हंगाम. जानेवारी १९९९ मध्ये त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला.

एक वर्ष वॉशिंग्टनमध्ये गेले. २००१ च्या त्या हंगामात सुरुवातीचे पाच सामने हरून संघाने पुढच्या अकरापैकी आठ जिंकले, तरी मालकाने एका हंगामातच निरोप दिला. आणि २००२ मध्ये सॅन डिएगो.

तिथे २००३ मध्ये फक्त चार विजय मिळाले. तरीही मालकांनी त्यांना ठेवले, आणि २००४ मध्ये त्याच संघाने बारा सामने जिंकले. शॉटनहायमर वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. जानेवारी २००५ मध्ये न्यू यॉर्क जेट्सविरुद्धचा बाद फेरीचा सामना जादा वेळेत गेला. चार्जर्स प्रतिपक्षाच्या रेषेपासून वीस-बावीस यार्डांपर्यंत पोचले. तिथे शॉटनहायमर यांनी चेंडू फेकण्याची जोखीम घेतली नाही. धावण्याचाच सावध मार्ग धरला. तीन प्रयत्न वाया गेले. मग नेट केडिंग या पहिल्याच वर्षीच्या पोराला ४० यार्डांवरून लाथ मारायला पाठवले. चुकली. जेट्सने आपली मारली. २०-१७. तीन गुण.

टीकाकारांच्या हाती कोलीत मिळाले. शॉटनहायमर यांच्या खेळपद्धतीला अमेरिकेत ‘मार्टीबॉल’ असे नावच पडले होते. धावत राहा, बचाव भक्कम ठेवा, चूक करू नका, समोरच्याच्या चुकीची वाट पाहा. टीका अशी की सोळा सामन्यांच्या लांब पल्ल्यात ही शिस्त कामी येते, पण बाद फेरीत समोर तुल्यबळ संघ असतो, तो चूक करायची वाट पाहू देत नाही. हा आरोप अगदीच पोकळ नव्हता. जेट्सविरुद्धचे ते तीन प्रयत्न आठवले की मलाही तो पटतो.

पण मग १४ जानेवारी २००७ चे काय करायचे? १४ विजयांचा तो हंगाम संपलेला. ३१ डिसेंबरला साखळीतला अखेरचा सामना जिंकून शॉटनहायमर यांचे दोनशे विजय पूर्ण झालेले. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि त्यांचा टॉम ब्रेडी. पहिल्याच सत्रात चौथ्या प्रयत्नात अकरा यार्ड हवे होते. सावध माणसाने फील्ड गोलचा प्रयत्न करून तीन गुण पदरात पाडायला पाहिले असते. ज्यांना सारे जग सावध म्हणून हिणवत होते, त्या शॉटनहायमर यांनी जोखीम घेतली. ती फसली. दुसऱ्या दिवशी सावधपणावर बोलणारे लोक या जोखमीवर बोलत होते.

तरीही शेवटच्या सत्रात चार्जर्स २१-१३ असे पुढे होते. ब्रेडीने चेंडू फेकला आणि तो चार्जर्सच्या मार्लन मॅक्रीने अधेमध्येच झेलला. सामना तिथेच संपायला हवा होता. मॅक्रीने नुसते जमिनीवर बसायचे होते. पण चेंडू हातात आल्यावर धावणे हा खेळाडूचा स्वभाव. तो धावला. पेट्रियट्सच्या ट्रॉय ब्राउनने मागून येऊन त्याच्या हातातला चेंडू उडवला आणि तो पेट्रियट्सनेच उचलला. तिथून बरोबरी, मग फील्ड गोल. शेवटच्या तीन सेकंदांत केडिंगने ५४ यार्डांवरून लाथ मारली, ती खुजी पडली. २४-२१. पुन्हा तेच तीन गुण.

श्रोतेहो, मी एकदा कागद घेऊन बसलो आणि ते तेरा पराभव एकाखाली एक लिहिले. तेरापैकी सात पराभव तीन किंवा त्याहून कमी गुणांचे आहेत. १९९५, १९९७ आणि २००६ हे त्यांचे तीन सर्वांत यशस्वी हंगाम एकत्र घेतले तर ४८ पैकी ४० सामने जिंकलेले दिसतात. या तिन्ही हंगामांत बाद फेरीचा पहिलाच सामना ते घरच्या मैदानावर हरले. तीन गुणांनी, चार गुणांनी आणि तीन गुणांनी. चाळीस विजय एका पारड्यात आणि दहा गुण दुसऱ्यात, आणि दहा गुणांचे पारडे जड झाले.

संघाचे अध्यक्ष डीन स्पॅनोस यांनी त्या पराभवानंतर लगेच प्रशिक्षकांना काढले नव्हते. उलट करार एका वर्षाने वाढवायची तयारी दाखवली. शॉटनहायमर यांनी तो प्रस्ताव नाकारला. त्यांच्या कराराचे एक वर्ष शिल्लक होते, तेवढ्यावर पुढे जायची त्यांची तयारी होती. मधल्या काळात त्यांचे दोन प्रमुख सहायक, आक्रमण सांभाळणारे कॅम कॅमरन आणि बचाव सांभाळणारे वेड फिलिप्स, दुसऱ्या संघांत मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. सरव्यवस्थापक ए. जे. स्मिथ आणि शॉटनहायमर यांच्यात तर विस्तव जात नव्हता. या बिघडलेल्या घरकुलाचे कारण देऊनच स्पॅनोस यांनी निर्णय जाहीर केला. तेव्हा मी कारणे दोन्ही बाजूंनी मांडली पाहिजेत. प्रशिक्षकांचा हेका होता, व्यवस्थापकांची अढी होती. पण त्या दिवशी बाद फेरीत मॅक्री जमिनीवर बसला असता, तर हेका आणि अढी या दोन्ही गोष्टी निदान वर्षभर तरी कोणाला दिसल्या नसत्या. जिंकलेल्या घरातली भांडणे शेजाऱ्यांना ऐकू जात नाहीत.

त्यांच्या जागी नॉर्व्ह टर्नर आले. पहिल्याच वर्षी ते सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे पोचले, पण सहा हंगामांत सुपर बोलपर्यंत काही त्यांनाही जाता आले नाही.

मी कवी माणूस. गझलेत प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो. एक शेर पडला म्हणून बाकीचे चार पडत नाहीत. बाद फेरीचा हिशेब याच्या उलट चालतो. तिथे शेवटचा शेर पडला की मागचे सगळे शेर वहीतून खोडले जातात. खेळाला हा नियम हवाच, नाहीतर अंतिम सामना कशाला भरवायचा? माझी तक्रार नियमाशी नाही. हा खेळाचा नियम आपण माणसाला लावतो, तिथे माझा जीव अडकतो. दहावीला एका मार्काने हुकलेला मुलगा, निवृत्तीच्या आधल्या वर्षी चौकशीत सापडलेला कारकून, ऐन लग्नात आमटी खारट झालेला आचारी. आयुष्यभर नीट केलेल्या कामाला आपण एका दिवसाच्या मापाने मोजतो आणि वर त्याला न्याय म्हणतो.

वाट पाहिली की काय होते, याचेही उदाहरण याच खेळात आहे. अँडी रीड हे प्रशिक्षक फिलाडेल्फियात १४ हंगाम होते. पाच वेळा ते उपांत्य सामन्याला पोचले आणि एकदाच त्यापुढे गेले, तोही सुपर बोल हरले. २०१२ च्या अखेरीस त्यांना काढण्यात आले. कॅन्सस सिटीने, म्हणजे शॉटनहायमर यांच्याच जुन्या संघाने, त्यांना बोलावले. फेब्रुवारी २०२० मध्ये रीड यांनी पहिला सुपर बोल जिंकला. मुख्य प्रशिक्षक म्हणून तो त्यांचा एकविसावा हंगाम होता. त्यानंतर २०२३ आणि २०२४ मध्ये त्यांनी आणखी दोन जिंकले. शॉटनहायमर यांनाही एकवीसच हंगाम मिळाले होते. एकाचे दार एकविसाव्या वर्षी उघडले, दुसऱ्याचे एकविसाव्या वर्षी बंद झाले.

आणि आता, ज्यासाठी मी हा विषय निवडला ती गोष्ट सांगतो.

प्रशिक्षकाच्या हाताखाली सहायक असतात, आणि त्यांतलेच काही पुढे मुख्य प्रशिक्षक होतात. आपल्याकडे गाण्यात घराणे असते तसेच हे. क्लीव्हलँड आणि कॅन्सस सिटीत शॉटनहायमर यांच्या हाताखाली बिल काउअर नावाचा तरुण होता. तो १९९२ मध्ये पिट्सबर्गचा मुख्य प्रशिक्षक झाला. पिट्सबर्गने त्याला चौदा हंगाम दिले, आणि चौदाव्या हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारी २००६ मध्ये, त्याने सुपर बोल जिंकला. कॅन्सस सिटीतला आणखी एक सहायक टोनी डंजी. शॉटनहायमर यांना हरवणाऱ्या पेट्रियट्सना पुढच्याच आठवड्यात डंजींच्या इंडियानापोलिसने हरवले आणि ४ फेब्रुवारी २००७ ला सुपर बोल जिंकला. सुपर बोल जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. त्यानंतर आठच दिवसांनी त्यांच्या गुरूला सॅन डिएगोत नारळ मिळाला. तिसरे माईक मॅकार्थी, तेही कॅन्सस सिटीतले. त्यांनी ग्रीन बेसाठी फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल जिंकला.

शॉटनहायमर यांना प्रशिक्षक म्हणून अजिंक्यपद एकदा मिळाले. २०११ मध्ये युनायटेड फुटबॉल लीग या छोट्या स्पर्धेत त्यांच्या व्हर्जिनियाच्या संघाने अंतिम सामना १७-३ असा जिंकला. पुढच्या वर्षी ती लीगच बंद पडली. पुढे अल्झायमरने त्यांना गाठले. ज्या माणसाच्या हरण्याच्या आठवणी लाखो लोकांनी जपून ठेवल्या होत्या, त्याच्या स्वतःच्या आठवणी एकेक करून गळत गेल्या. एल्वेचे ९८ यार्ड गेले असतील, केडिंगची लाथ गेली असेल. दोनशे विजयही त्यांच्याबरोबर गेले असतील.

७ फेब्रुवारी २०२१ च्या रविवारी सुपर बोल झाला. एका बाजूला कॅन्सस सिटी चीफ्स, ज्यांना त्यांनी दहा वर्षे सांभाळले होते. दुसऱ्या बाजूला टॅम्पा बे. टॅम्पाकडून टॉम ब्रेडी खेळत होता, ज्याच्यापुढे ते नॅशनल फुटबॉल लीगमधला आपला शेवटचा सामना हरले होते. आणि टॅम्पाचे प्रशिक्षक होते ब्रूस एरियन्स, १९८९ ते १९९२ या काळातले कॅन्सस सिटीतले त्यांचे सहायक. टॅम्पा ३१-९ असे जिंकले. सुपर बोल जिंकणारे एरियन्स हे शॉटनहायमर यांच्या तालमीतले चौथे प्रशिक्षक.

दुसऱ्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, उत्तर कॅरोलायनातल्या शार्लट इथे मार्टी शॉटनहायमर यांचे निधन झाले. वय ७७.

ती बातमी वाचली तेव्हा मी भाच्याला फोन लावला. म्हटले, त्या गृहस्थांना विचार, आता काय वाटते. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. गृहस्थ म्हणाले होते, ‘‘हरायचो खरे. पण दर जानेवारीत आम्ही हरायला तरी जात होतो. त्यांच्या आधी आणि नंतरही कितीतरी वर्षे आमचा संघ जानेवारीपर्यंत पोचलाच नाही.’’

चार वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, डॅलसने आपले प्रशिक्षक बदलले. तिथून गेले ते माईक मॅकार्थी, आणि त्यांच्या जागी ब्रायन शॉटनहायमर यांची नेमणूक झाली. हे मार्टींचे चिरंजीव. नियुक्तीची बातमी देताना जवळजवळ प्रत्येक वर्तमानपत्राने वडिलांचा उल्लेख केला. मी ते उल्लेख मुद्दाम पाहिले. पुष्कळांनी आधी दोनशे विजय लिहिले होते, तेरा पराभव नंतर.